नागौरचा वेढा (1754–56): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागौर कुठे आहे? आणि मराठ्यांचा तिथे संबंध काय?

नागौर राजस्थानात, जोधपूरच्या ईशान्येला आणि बिकानेरच्या दक्षिणेला आहे. थरच्या वाळवंटाची पूर्वेकडची कड इथे लागते. जैसलमेरसारख्या वाळूच्या टेकड्या गावाभोवती नाहीत. सपाट, कोरडी जमीन, खेजडीची झाडं, बाजरी, मोठाली शिंगं असलेले नागौरी बैल, आणि पाणी मात्र मोजकंच. 1754 च्या पावसाळ्याअखेरीस मराठा सरदार जयाप्पा शिंदे फौज घेऊन इथे आले आणि त्यांनी मारवाडच्या, म्हणजे जोधपूरच्या राजाला किल्ल्यात कोंडलं. शिंद्यांचा तळ इथून हलायला 1756 साल उजाडलं. तोवर जयाप्पा जिवंत नव्हते.

आपल्याकडे पानिपत सगळ्यांना ठाऊक असतं, नागौर फारसं कुणाला नाही. खरं तर 1761 मध्ये उत्तरेत मराठ्यांच्या बाजूने कुणीच का उभं राहिलं नाही, याचं बरंचसं उत्तर या वाळूत सापडतं.

भांडण मुळात कोणाचं होतं?

राठोडांच्या, म्हणजे जोधपूरच्या राजघराण्याच्या घरातलं. जोधपूरचे महाराजा अजितसिंग यांचा 1724 मध्ये खून झाला. तो त्यांच्याच मुलाने, बखतसिंगाने केला, आणि त्यामागे थोरला मुलगा अभयसिंग याची फूस होती असं मानलं जातं. अभयसिंग गादीवर बसला आणि बखतसिंगाला नागौर मिळालं. ही वाटणी दोघं हयात असेपर्यंत कशीबशी टिकली.

1749 मध्ये अभयसिंग वारला आणि त्याचा मुलगा रामसिंग गादीवर आला. पोर तापट होतं, सरदारांचा अपमान करण्यात त्याने कसूर ठेवली नाही. 1751 मध्ये काका बखतसिंगाने त्याला हाकलून जोधपूर घेतलं, पण पुढच्याच वर्षी तोही गेला. विषप्रयोगाची कुजबूज तेव्हापासूनची आहे. आता बखतसिंगाचा मुलगा बिजेसिंग (विजयसिंह) राजा झाला आणि परागंदा रामसिंग मराठ्यांच्या दारात आला: मला गादी द्या, मी पैसा देतो.

अठराव्या शतकातल्या उत्तरेतल्या बहुतेक मोहिमांची सुरुवात अशीच झालेली दिसते. दोन भाऊबंद भांडतात, एक जण मराठ्यांना बोलावतो आणि खंडणीचा आकडा ठरतो. फौज ज्याच्या बाजूने येते त्याच्याकडे तो आकडा चुकवायला पैसाच नसतो, म्हणून फौज परतही जात नाही.

जयाप्पा शिंदे म्हणजे नेमके कोण?

राणोजी शिंद्यांचे थोरले चिरंजीव. मूळ घर सातारा जिल्ह्यातलं कण्हेरखेड. राणोजी 1745 मध्ये गेल्यावर सरदारी जयाप्पांकडे आली. दत्ताजी आणि जोतिबा हे सख्खे भाऊ, तुकोजी आणि महादजी सावत्र. जोतिबा 1742 मध्येच ओरछ्याला दग्याने मारला गेला होता.

शूर, हट्टी आणि मानी अशी त्यांची ख्याती. मराठी कागदांत या स्वभावाचं कौतुक जितकं आहे तितकीच काळजीही आहे.

कुंभेरीच्या वेढ्याचा इथे काही संबंध आहे का?

आहे, आणि तो समजल्याशिवाय नागौरचं कोडं सुटत नाही. 1754 च्या पहिल्या काही महिन्यांत रघुनाथराव, मल्हारराव होळकर आणि जयाप्पा असे सगळे मिळून सुरजमल जाटाच्या कुंभेर किल्ल्याभोवती बसले होते. मार्चमध्ये तिथे मल्हाररावांचा एकुलता मुलगा खंडेराव, म्हणजे अहिल्याबाईंचे यजमान, तोफेचा गोळा लागून गेला. कुंभेरीची माती यमुनेत टाकीन, अशी शपथ मल्हाररावांनी घेतली असं सांगतात. सुरजमलाच्या राणीने नवऱ्याची पगडी जयाप्पांकडे पाठवून भाऊपणाची गळ घातली, जयाप्पांनी ती मानली आणि मे महिन्यात तह झाला.

होळकरांच्या मनात शिंद्यांविषयी जो काटा रुतला तो इथे. लगेच पुढच्या मोहिमेला जयाप्पा मारवाडात गेले तेव्हा मल्हारराव त्यांच्यासोबत नव्हते. जयपूरच्या गादीच्या भांडणात शिंदे-होळकरांची तोंडं आधीच दोन दिशांना होती, त्यात ही भर पडली.

मेडत्याला काय झालं?

सप्टेंबर 1754 मध्ये मेडत्याजवळ लढाई झाली. बिजेसिंगाच्या बाजूने बिकानेरचा गजसिंग आणि किशनगडचा बहादूरसिंग होता. जयाप्पांसोबत रामसिंग आणि किशनगडच्या गादीवरून हटवला गेलेला सावंतसिंग, जो नागरीदास या नावाने ब्रजभाषेतला कवी म्हणून आजही ओळखला जातो. म्हणजे तिथेही दोन घरांची दोन-दोन भांडणं एकाच मैदानात आली होती.

राठोडांची घोडदळाची धडक जबर होती. राजस्थानी परंपरेनुसार मराठ्यांची फळी फोडून परत येणाऱ्या आपल्याच चिलखती स्वारांना राठोडांच्या गोलंदाजांनी शत्रू समजून उडवलं आणि तिथून पळापळ सुरू झाली. बिजेसिंग मारला गेला, ही अफवाही मुद्दाम पसरवली गेली असं म्हणतात. दिवस मावळेपर्यंत मैदान मराठ्यांचं झालं होतं.

राजा बैलगाडीतून पळाला, ही गोष्ट खरी का?

कागदोपत्री पुरावा मागाल तर नाही देता येणार. पण गोष्ट इतकी रंगून सांगितली जाते की वगळवत नाही. घोडा थकल्यावर बिजेसिंगाने एका जाट शेतकऱ्याची गाडी पाच रुपयांना ठरवली, पहाटेपर्यंत नागौर गाठायचं या बोलीवर. रात्रभर राजा मागून 'हाक, हाक' करतोय आणि जाट वैतागतोय. शेवटी तो म्हणाला, एवढी घाई करणारा तू कोण? तुझ्यासारख्या धट्ट्याकट्ट्याने आज मेडत्याला बिजेसिंगाच्या पाठीशी असायला हवं होतं, तू नागौरला कसला पळतोस? उजाडलं, चेहरा दिसला आणि गाडीवानाची बोबडी वळली. राजाने त्याला ठरलेले पाच रुपये तर दिलेच, वर पुढच्या बक्षिसाचं वचनही दिलं.

पराभूत राजाची फजिती सांगणारी गोष्ट त्याच्याच राज्यात प्रेमाने जपली गेली, यातून बिजेसिंगाविषयीची आपुलकी कळते. वेढा पडल्यावर रयत कुणाच्या बाजूने होती हे शोधायला फार लांब जायला नको.

तो जोधपूर सोडून नागौरलाच का गेला?

नागौर त्याच्या बापाचं. बखतसिंगाने पाव शतक इथे राज्य केलं, महाल बांधले, पाण्याच्या सोयी केल्या, माणसं जोडली. जोधपूरच्या सरदारांत रामसिंगाचे पक्षपाती असू शकत होते, नागौरात नव्हते. शिवाय बिकानेर जवळ होतं, आणि तिथला गजसिंग त्याचा मित्र.

नागौरचा किल्ला डोंगरी आहे का?

नाही. इथेच मराठी वाचकाची पहिली फसगत होते. राजगड, रायगड पाहिलेल्या डोळ्यांना किल्ला म्हटलं की कडा आठवतो. नागौर भुईकोट आहे, शहराच्या मधोमध बसलेला. नाव अहिच्छत्रगड. दुहेरी तटबंदी, एकामागून एक वळणावळणाने येणारे दरवाजे, हत्तीने धडक देऊ नये म्हणून दारांना लोखंडी खिळे. आवाका सुमारे 35 एकरांचा.

भुईकोटाला सुरुंग लावता येतो, दमदमा उभारून तोफा तटाच्या उंचीला नेता येतात. कागदावर हा किल्ला महिन्या-दोन महिन्यांत पडायला हवा.

मग इतका वेळ का लागला?

कारणं अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिलं म्हणजे मराठी फौजेचा पिंड. शिंद्यांचं बळ घोडदळात. वेगाने यायचं, मुलूख मारायचा, रसद तोडायची आणि शत्रूला उघड्यावर ओढायचं, हे त्यांना उत्तम जमे. तट फोडायला लागतात जड तोफा, खंदक खणणारे बेलदार, दारूगोळ्याचा अखंड पुरवठा आणि कंटाळा न करता महिनोन्‌महिने मोर्चात पडून राहणारं पायदळ. यातलं जयाप्पांकडे पुरेसं नव्हतं. कुंभेरीलाही हेच झालं होतं. तिथे तर मोगलांकडून मोठ्या तोफा मिळाव्यात म्हणून दिल्लीकडे मागणी करावी लागली होती.

दुसरं, फौज एका जागी नव्हती. नागौरला वेढा, जोधपूरलाही मोर्चे, अजमेर ताब्यात घ्यायचं, बाकीची ठाणी सांभाळायची. मारवाड म्हणजे एक किल्ला पडला की संपलं असा मुलूख नाही. दर पाच-दहा कोसांवर एक ठाकूर, त्याची गढी आणि त्याचे भाऊबंद. प्रत्येकाला दबवायला एक पथक सोडायचं म्हटलं की मूळ वेढ्यातली माणसं कमी होणारच.

तिसरं कारण मला सर्वांत मोठं वाटतं. वेढा घालणाऱ्यालाच इथे उपाशी राहायची वेळ येते. दख्खनमध्ये फौज एखाद्या गावाशेजारी पडली तर कडबा, धान्य, ओढ्याचं पाणी काही ना काही मिळतं. नागौरभोवती गावं विरळ, विहिरी खोल. एका विहिरीवर हजारो घोड्यांना पाणी पाजायचं तर मोट दिवसभर चालवूनही पुरत नाही. चारा लांबून आणायचा, आणि तो आणणाऱ्या तुकडीवर राठोडांचे स्वार टपलेले. वंजाऱ्यांचे तांडे धान्य घेऊन येतात तेही पैसा आणि वाटेची सुरक्षितता पाहूनच. आत कोंडलेल्यांकडे मात्र साठवलेलं धान्य आणि बांधीव टाकी होती.

चौथं म्हणजे बिजेसिंग स्वस्थ बसला नव्हता. बोलणी लांबवायची, बिकानेर-जयपूरला पत्रं धाडायची, पावसाळा येऊ द्यायचा. शिंद्यांना पेशवे फार काळ एका ठिकाणी बसू देणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक असावं.

किल्ल्यात पाणी कुठून येत होतं?

पावसाचं. नागौरात पाऊस पुण्यापेक्षा बराच कमी पडतो, आणि तोही चार-सहा सरींत. त्यामुळे पडणारा थेंब न्‌ थेंब गच्च्यांवरून, अंगणांतून उताराने टाक्यांत नेण्याची व्यवस्था किल्ल्यात होती. हौद, विहिरी, पाटातून खेळणारं पाणी, हमाम असं सगळं आत आहे. आज जीर्णोद्धारानंतर हे पाट आणि कारंजी पाहताना आपण 'काय विलास' म्हणतो. तो विलास होताच. पण ज्या किल्ल्यात राजाच्या अंघोळीचं पाणी इतक्या हिशेबाने खेळवलं जातं तिथे वेढ्याच्या काळात पिण्याच्या पाण्याचा हिशेब किती काटेकोर असेल याचाही अंदाज त्यावरून येतो.

शहराबाहेरही तलाव आहेत. ते वेढा घालणाऱ्यांच्या हाती पडतात, पण उन्हाळ्यात आटतात.

पेशव्यांचं या वेढ्याबद्दल म्हणणं काय होतं?

आवरा आणि पुढे चला. नानासाहेब पेशव्यांवर कर्जाचा डोंगर होता. उत्तरेत प्रयाग-काशीचा प्रश्न, अयोध्येच्या नवाबाशी बोलणी, दिल्लीत वजिराचं राजकारण अशी कितीतरी कामं खोळंबली होती. रामसिंग आणि बिजेसिंग यांच्यात राज्य वाटून द्यावं, पैसा घ्यावा, मोकळं व्हावं, असा त्यांचा कल होता.

जयाप्पांना ते पटलं नाही. रामसिंगाला शब्द दिला होता आणि मेडत्याला जिंकलेही होते. अर्ध्यावर उठणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. आजच्या नजरेला पेशव्यांचा सल्ला शहाणपणाचा दिसतो. तरी एक गोष्ट जयाप्पांच्या बाजूने सांगायला हवी: सहा महिने वेढा घालून रिकाम्या हाताने उठलेल्या सरदाराला पुढच्या किल्ल्यासमोर कोण भीक घालतो? पुण्यात बसून हे दिसत नसे.

रघुनाथराव आणि मल्हारराव मदतीला का आले नाहीत?

ते त्या काळात उत्तरेतच होते. पण 1755 मध्ये रघुनाथरावांची फौज दक्षिणेकडे परतली, नागौरच्या वेढ्यात उतरली नाही. मल्हाररावांच्या मनात कुंभेरी ताजी होती. रघुनाथरावांकडे पैशाची चणचण होती आणि वाळवंटात आणखी एक फौज नेऊन तिला खायला काय घालायचं हा प्रश्नही होताच. सगळा दोष होळकरांच्या रुसव्याला देणं सोपं पडतं, म्हणून लोक तो देतात.

जयाप्पांचा खून कसा झाला?

जुलै 1755 चा शेवटचा आठवडा. तारीख 24 किंवा 25 दिली जाते. शिंद्यांची छावणी नागौरजवळ ताऊसर गावी होती. तहाची बोलणी सुरू होती, त्यामुळे राठोडांच्या वकिलांची आणि त्यांच्या माणसांची छावणीत ये-जा होती. मेवाडच्या महाराणांनी मध्यस्थीसाठी सलुंबरचा रावत जैतसिंग पाठवला होता, तोही तिथेच.

सकाळी जयाप्पा डेऱ्याबाहेर उघड्यावर अंघोळ करून अंग पुसत होते. जवळ पहारा असा नव्हता. वाळवंटात वर्ष काढलेल्या छावणीला जी सैल शिस्त येते ती आली असणार. त्याच वेळी मारेकरी अंगावर धावले आणि कट्यारीने वार केले.

मारेकरी इतक्या जवळ कसे पोचले याच्या दोन कथा आहेत. मराठी बाजूची कथा सांगते की, घोड्यांच्या तोबऱ्यांतून सांडलेले दाणे वेचणाऱ्या भिकाऱ्यांच्या वेशात ते पागेपाशी घुटमळत होते. घोडा खातो तिथे दाणे वेचणारी गोरगरीब माणसं प्रत्येक छावणीत असत, त्यांच्याकडे कोण पाहतो? राजस्थानी कथेत ते वाणी होऊन छावणीच्या बाजारात दुकान मांडून बसले होते. त्या दिवशी हिशेबावरून मुद्दाम भांडण काढलं आणि 'न्याय करा' म्हणत जयाप्पांसमोर आले. मारेकऱ्यांत एक खोखर आणि एक गहलोत होता असं तिकडे मानतात. त्यावर मारवाडीत म्हण पडली: 'खोखर बडो खुराकी, खा गयो आपा सरीखो डाकी.' खोखर मोठा खाणारा, आप्पासारखा राक्षस गिळून बसला. एकाच माणसाचा वध इकडे विश्वासघात आणि तिकडे पराक्रम ठरतो, तो असा.

मरताना जयाप्पा काय म्हणाले?

दत्ताजी धावत आले आणि रडू लागले. तेव्हा जयाप्पांनी त्यांना, शत्रू समोर असताना रडत काय बसता, असं फटकारलं, अशी परंपरा आहे. शब्द बखरीगणिक थोडे बदलतात. पुढच्या काही महिन्यांत दत्ताजींनी जे केलं त्याच्याशी ही आठवण जुळते.

रावत जैतसिंगाला का मारलं?

रागाच्या भरात. खुनाची बातमी फुटताच छावणीतले मराठे दिसेल त्या राजपुतावर तुटून पडले, आणि मध्यस्थ म्हणून आलेला जैतसिंग त्यात मारला गेला. त्याचा कटाशी काही संबंध होता असं दिसत नाही. वकिलाचा खून हा त्या काळच्या रीतीनेही मोठा गुन्हा. राठोडांनी बोलण्यांच्या आडून खून केला आणि मराठ्यांनी मध्यस्थ मारला, म्हणजे एकाच सकाळी दोन्ही बाजूंनी रीत मोडली. मेवाडशी बिघडलं ते वेगळंच. आपल्या पुस्तकांत ही दुसरी हत्या सहसा एका ओळीत उरकतात.

या खुनामागे बिजेसिंगच होता का?

त्याच्या संमतीने झाला असं बहुतेक अभ्यासक धरून चालतात. पार्श्वभूमीही लक्षात घ्यावी लागते. जानेवारी 1751 मध्ये जयपूर शहरात अचानक दंगा उसळून काही हजार मराठे कापले गेले होते, आणि ते शहर पाहायला, बाजार करायला आत गेलेले होते. खंडणीच्या सततच्या मागण्यांनी राजपुतान्यात मराठ्यांविषयी जी चीड साठत होती ती आधी जयपुरात फुटली, मग ताऊसरला.

सेनापती मेल्यावर वेढा उठला का?

बिजेसिंगाचा हिशेब तोच होता. तो चुकला. शिंद्यांची सरदारी जयाप्पांचा मुलगा जनकोजी याच्या नावाने झाली. तो तेव्हा लहान होता, म्हणून कारभार दत्ताजींनी हाती घेतला. छावणी मोडली नाही, वेढा आणखी आवळला.

आता बाहेरची मदतही हलली. पेशव्यांनी कुमक पाठवली आणि दिल्लीकडून अंताजी माणकेश्वर फौज घेऊन आले. बिजेसिंगाच्या बाजूने जयपूरच्या माधोसिंगाने अनिरुद्धसिंग खंगारोताला पाठवलं होतं. ऑक्टोबर 1755 मध्ये डीडवाण्याला मराठ्यांनी त्याची वाट अडवली आणि त्याला हरवलं. डीडवाणा म्हणजे खाऱ्या सरोवराचं, मिठाच्या आगरांचं गाव. जयपूरची फौज नागौरपर्यंत पोचलीच नाही. त्यानंतर बिजेसिंग निवडक लोकांसह किल्ल्यातून निसटून बिकानेरला गेला, पण गजसिंगाकडेही शिंद्यांना हटवण्याइतकं बळ नव्हतं.

नागौरच्या दीडेक वर्षातली सर्वांत चांगली लष्करी कामगिरी या चार महिन्यांतली, असं माझं मत. भावाचा खून झालेला, अंगावर पोरसवदा पुतण्याची जबाबदारी, फौज थकलेली, आणि तरीही दत्ताजींनी वेढा न सोडता बाहेरून येणारी कुमक आधी मोडली. 'बचेंगे तो और भी लडेंगे'वाले दत्ताजी सगळ्यांना माहीत असतात. डीडवाण्याच्या वेळचे दत्ताजी त्यांच्याइतकेच लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

तहात काय ठरलं?

1756 च्या सुरुवातीला, फेब्रुवारीच्या सुमारास तह झाला. बिजेसिंगाने 50 लाख रुपये दंड कबूल केला, हप्त्यांनी. अजमेर आणि तिथला गड बीटली, म्हणजे आजचा तारागड, मराठ्यांना मिळाला. मारवाडच्या वाटण्या झाल्या: जोधपूर-नागौर बिजेसिंगाकडे, मेडता, सोजत, परबतसर यांसारखे परगणे रामसिंगाकडे.

अजमेर दिलं ते 'मुंडकटी' म्हणून. खून झालेल्याच्या कुळाला जमीन देऊन वैर मिटवायची ही राजपुतांतली जुनी रीत. म्हणजे जयाप्पांच्या डोक्याची भरपाई एका सुभ्याच्या राजधानीने झाली.

म्हणजे मराठे जिंकले?

तहाचा कागद पाहिला तर हो. पण नागौर हल्ला करून घेतलं गेलं नाही. ज्याला हटवायला आलो तो बिजेसिंग गादीवर राहिला, आणि 1793 पर्यंत राहिला. ज्याला बसवायला आलो त्या रामसिंगाला अर्धं राज्य मिळालं, तेही त्याला सांभाळता आलं नाही. तो शेवटी जयपूरच्या आश्रयाला गेला आणि 1772 मध्ये तिथेच वारला. पन्नास लाख ही कबुली होती, वसुली नव्हे. वाळवंटातल्या राज्याकडून एवढी रक्कम हप्त्यांनी वसूल करायची म्हणजे दर हप्त्याला फौज घेऊन जाणं आलंच. आणि याच्या बदल्यात शिंद्यांचा कर्ता पुरुष गेला, दीडेक वर्ष एक अख्खी फौज वाळूत अडकली.

पेशव्यांनी सुचवलेली तडजोड जवळजवळ हीच होती: राज्य वाटा, पैसा घ्या. ती वर्षभर आधी मिळाली असती. अजमेर तेवढं जास्तीचं पदरात पडलं.

याचा पानिपताशी खरंच काही संबंध आहे, की ओढूनताणून?

सरळ रेघ ओढू नये, पण संबंध आहे. बिजेसिंग आणि माधोसिंग दोघंही नंतर मराठ्यांना शह द्यायला अब्दालीकडे आशेने पाहत होते, त्याच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. 1760-61 मध्ये भाऊसाहेब उत्तरेत आले तेव्हा राजपूत राजे कुंपणावर बसून राहिले. नागौर झालं नसतं तर राठोड पानिपतावर येऊन लढले असते, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. मात्र रसद, चारा, पैसा आणि निदान वाट मोकळी, एवढं तरी मिळालं असतं, आणि भाऊसाहेबांची फौज शेवटी उपासमारीनेच टेकीला आली.

शिंद्यांच्या घरापुरतं बोलायचं तर हिशेब आणखी कडू आहे. जयाप्पा 1755 मध्ये, दत्ताजी 10 जानेवारी 1760 रोजी बुराडी घाटावर, तुकोजी आणि जनकोजी पानिपतावर. उरले महादजी.

अजमेरचं पुढे काय झालं?

1787 मध्ये लालसोटजवळ तुंगाच्या लढाईत महादजींना माघार घ्यावी लागली, आणि राठोडांनी लगोलग अजमेर परत घेतलं. त्यावेळीही जोधपूरचा राजा बिजेसिंगच होता. मग 1790 मध्ये महादजींचा युरोपीय सेनानी डी बॉयन याच्या कवायती पलटणींनी जूनमध्ये राजस्थानातल्या पाटणला आणि सप्टेंबरमध्ये मेडत्याला राठोडांचा मोड केला, आणि पुढच्या वर्षी अजमेर पुन्हा शिंद्यांकडे आलं. मेडता तेच, राजा तोच, समोर जयाप्पांचाच भाऊ. मात्र आता शिंद्यांकडे पायदळ होतं, तोफा होत्या आणि पगारावर टिकणारी शिस्त होती. नागौरला जे नव्हतं ते सगळं. 1818 मध्ये दौलतराव शिंद्यांनी अजमेर इंग्रजांना दिलं.

आज तिथे पाहण्यासारखं काय आहे?

किल्ला उत्तम स्थितीत आहे. मेहरानगड म्युझियम ट्रस्टने अनेक वर्षं खपून त्याचा जीर्णोद्धार केला. त्याला 2002 मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्कार मिळाला आणि 2013 मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीतही तो होता. बखतसिंगाचे महाल, भिंतींवरची चित्रं, हौद आणि पाट सावकाश पाहावेत. घाई केली तर नुसती सुंदर अंगणं दिसतात. तटावर चढून बाहेर पाहा, म्हणजे सपाट मैदानात आडोसा कसा कुठेच नाही आणि मोर्चे लावणाऱ्यांची काय अवस्था झाली असेल ते उमगतं.

जयाप्पांची छत्री ताऊसरला आहे. गाव नागौरच्या अगदी जवळ, रिक्षाने जाता येतं. पुष्करलाही त्यांच्या नावाची छत्री आहे. तिथे विचारताना 'जयाप्पा' म्हटलं तर कुणाला कळेलच असं नाही, 'आपाजी सिंधिया' म्हणा.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. माघ महिन्यात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या आसपास, नागौरचा जनावरांचा मोठा बाजार भरतो आणि हजारो बैल-उंट येतात. तेव्हा राहायची सोय आधी करून ठेवावी. मे-जूनमध्ये जाऊ नये. जोधपूरहून एसटी आणि रेल्वे दोन्ही आहेत, एका दिवसात किल्ला आणि ताऊसर होतं. मेडता त्याच दिवशी करायचं असेल तर गाडी ठरवून पहाटे निघावं लागेल.